वरातीला उभी राहिली की तू जा

घोडा हा प्राणी मला कधीच आवडला नाही, हे आधी सांगून टाकते. शाळेत पोरी माझ्या शेजारी बसायच्या त्या नाकाला रुमाल लावून, कारण आमच्या घरचे कपडे कुठेही वाळत घातले तरी त्यांना तबेल्याचा वास यायचाच. आजोबांचा डहाणू स्टेशनबाहेर टांगा होता. टांगे गेले, रिक्षा आल्या, तेव्हा बाबांनी वरातीसाठी घोडी पाळली. पांढरी, गरीब स्वभावाची. निम्म्या तालुक्याचे नवरदेव तिने मिरवले. मी मात्र केमिस्ट्रीत पदवी घेतली आणि पहिली संधी मिळताच अंकलेश्वरला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी धरली. तिथे मैत्रिणीबरोबर भाड्याची खोली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या, दुसरं काही नाही. पण त्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची, आणि मी कधी आले, कुठे गेले, काय जेवले, हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं. मला एवढंच हवं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी दादाचा फोन आला. माझा मोठा भाऊ रेल्वेत पॉइंट्समन आहे आणि बायको-मुलांसह बाबांजवळच, मसोलीच्या आमच्या घरात राहतो. तो फोनवर दोनच वाक्यं बोलला. "बाबांचा खुबा मोडला. घोडीने पाडलं."

ही घोडी म्हणजे नवी घोडी. पांढरी म्हातारी होऊन गेली, तेव्हा बाबांनी तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून हे राखाडी शिंगरू आणून वाढवलं होतं. अशी घोडी वय होईल तशी पांढरी होत जाते, म्हणून वरातवाले राखाडीच बघतात. आमच्या भागात भूकंपाचे बारीक धक्के कुणाला नवे नाहीत. फडताळातली भांडी किणकिणतात, आपण पंख्याकडे बघतो, आणि परत कामाला लागतो. पण ही लहान असताना असाच एक धक्का बसला आणि गोठ्याची कौलं तिच्या अंगावर आली. तेव्हापासून ती बुजरी. बाबा तिच्या तोंडावर मोहरकीची दोरी चढवत होते, तेवढ्यात जमीन जराशी हलली. तिने जी उसळी घेतली त्यात बाबा गव्हाणीवर आपटले.

मी आठ दिवसांची रजा टाकून आले. बाबा हॉस्पिटलातून घरी आलेले, खाटेवर उताणे. मी म्हटलं, "विकून टाका ती अवदसा."

"ती घाबरली," बाबा म्हणाले. "घाबरली म्हणून विकायची?"

"मग कोण सांभाळणार?"

यावर बाबा माझ्याकडे बघत राहिले. वहिनीला घोडीजवळ गेलं की शिंकांवर शिंका. दादाला आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी, आणि शिकाऊ घोडीला रोज एकच माणूस आणि एकच वेळ लागते, नाहीतर ती काही शिकत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून तर मी दाराकडे सरकत होते.

"पहिली वरात होऊ दे," बाबा म्हणाले. "घोडी वरातीला उभी राहिली की तू जा. मी अडवणार नाही."

मी दादाकडे बघितलं. वाटलं, आता हा म्हणेल, बाबा, तिची नोकरी आहे. तो उंबऱ्यात उभा होता, हातात डबा, खिशात शिट्टी. काही बोलला नाही. दादा कधीच काही बोलत नाही. मग मीच कंपनीत फोन केला. आमचे साहेब गुजराती, मनाने बरे. म्हणाले, "देवदिवाळी सुधी जागा ठेवतो, बेन. पछी नहीं." म्हणजे आमच्या तुळशीच्या लग्नापर्यंत. लग्नसराई तिथूनच सुरू होते. पहिलीच वरात मिळाली आणि घोडी उभी राहिली, तर माझी नोकरी वाचत होती. नाही राहिली, तर मी होते आणि मसोली होती.

माझी खाट बोळात टाकली. घरात दुसरी जागाच नव्हती. बोळाची एक भिंत बाबांच्या खोलीची, दुसरी तबेल्याची, आणि तबेल्याची भिंत अर्धीच. त्या बाजूने घोडी फुरफुरायची, या बाजूने बाबा काठीने भिंत ठोकायचे. पाणी हवं, ठोक. कूस बदलायचीय, ठोक. घोडीला चंदी-दाणा घातला का, ठोक. पावसाने बाहेर चिखल, दार उघडं ठेवलं तर घोडी बुजते म्हणून दार बंद, आणि आत ओल्या गवताचा, औषधांचा, मुलांच्या दप्तरांचा वास. कधी कधी मी पर्समधली किल्ली काढून नुसती हातात धरायची. वहिनीने एकदा बघितलं. "कपाटाची आहे का, ताई?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

बाबांचा पहिला हुकूम असा, की घोडीला हात लावायचा नाही, नुसतं जवळ बसायचं. "तिला तुझी सवय होऊ दे." ठीक. मी बादली उपडी घालून तबेल्यात बसले. घोडी पार कोपऱ्यात अंग चोरून उभी, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. बाहेर धो धो पाऊस. आता मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही, आणि मोठ्याने बोललं तर पलीकडे बाबा ऐकणार. म्हणून मी हळू आवाजात, पुटपुटत सुरुवात केली.

"जळ्ळं मेलं तुझं लक्षण," मी तिला म्हटलं. "स्वतः घाबरतेस आणि दुसऱ्याची हाडं मोडतेस. तुझ्यापायी मी इथे येऊन पडलेय. समजतं का काही?"

तिचा एक कान माझ्याकडे वळला.

मग मी थांबलेच नाही. बाबा कसे मायेने बोलून माणसाला बांधून घालतात ते सांगितलं. वहिनीच्या आमटीत मीठ जास्त पडतं ते सांगितलं. मैत्रिणीने माझी उशी घेतली असणार, ही शंका सांगितली. दादाबद्दल तर पुष्कळच सांगितलं. रोज संध्याकाळी तीच बादली, तेच गाऱ्हाणं. हळूहळू ती कोपऱ्यातून निघाली, आणि एके दिवशी मी वहिनीच्या नणंदेबद्दलच्या, म्हणजे माझ्याबद्दलच्या, मतांवर बोलत असताना तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. गरम, जड. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. त्या घरात कुणी मला हात लावून विचारलं नव्हतं, की बाई तुझं कसं चाललंय.

श्रावण गेला तशी ती खरारा करू देऊ लागली, मोहरकी चढवून घेऊ लागली, पाठीवर खोगीर ठेवलं तरी नुसती शेपूट झाडायची. आता आवाजाची सवय. मी थाळ्या बडवल्या, मोबाइलवर वरातीची गाणी लावली, गणपतीत पोरांनी गल्लीत फटाके फोडले. घोडी शांत! कान टवकारायची, बस्स. बाबा खाटेवरून म्हणाले, "अगं, ही तर तयार आहे." मी लगेच मैत्रिणीला फोन केला, की माझी बाजू झाडून ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पहिल्यांदा रस्त्यावर काढली. चिकूच्या वाड्यांमधून मजेत चालली होती. रुळांच्या बाजूला आलो आणि मालगाडी आली. आवाज अजून लांब होता, डबे दिसतही नव्हते, तोच हिचे चारी पाय ताठ. मग जी उधळली, तिच्यामागे मी दोरीला लोंबकळत, चपला एकीकडे, ओढणी कुंपणावर. तळहात सोलून निघाले. घरी येऊन मी बोळातल्या खाटेवर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. पलीकडून काठी वाजली. मी उठले नाही.

त्या दुपारी गल्लीत पाण्याचा टँकर आला. हॉर्न नाही, काही नाही, नुसता घरंगळत आला. तबेल्यात घोडी थरथरायला लागली. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हिला आवाजाची भीती नव्हतीच. हिला जमिनीची भीती होती. पायाखाली जरा कंप आला, की हिच्या मते कौलं पडणार. मी बाबांना सांगितलं.

"मग जमीन हलते तिथे ने तिला," ते म्हणाले. "रोज थोडी जवळ."

आणि डीजेचं काय? हल्लीच्या वरातीत ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर असतात. त्यांचा दणका आधी तळपायाला लागतो, मग कानाला.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी रुळांकडे. आधी लांब शेतात उभं राहायचं, गाडी गेली की मूठभर भिजवलेले हरभरे, मग परत. पुढच्या आठवड्यात एक बांध जवळ. गाडी यायच्या आधी मी तिच्या मानेवर हात ठेवून बोलायला लागायची. काय बोलणार? जे रोज बोलत होते तेच. त्याशिवाय दुसरं काही तिला बोलून दाखवलंच नव्हतं. मी चुकून गप्प राहिले तर ती मान वळवून बघायची, की पुढे? गाड्या जायच्या त्यातल्या निम्म्या सुरतेकडे. घोडी त्यांना भ्यायची, आणि मला त्यांत बसायचं होतं. दोघीही एकाच बांधावर खिळलेल्या.

अधूनमधून तिला समुद्रावर न्यायची. ओहोटीला आमची वाळू लांबच लांब उघडी पडते. तिथे जमीन हलत नाही. सुरूच्या झाडांतून बाहेर आलं की घोडी अंग सैल सोडायची, वाळूत लोळायची, पाय वर करून. मी दोरी सोडून उभी राहायची. सोडली तरी ती कुठे जायची नाही. आणि मीही नाही, म्हणा. तासाभराने दोघी निमूटपणे घरची वाट धरायचो.

दसऱ्याच्या सुमारास बाबा म्हणाले, "आता अच्छाडला ने." अच्छाड म्हणजे हायवेवरचा चेकपोस्ट. ट्रकांच्या रांगा, धाबे, धूळ. रस्त्याकडेला नुसतं उभं राहिलं तरी तळपायातून गुंगुं गुंगुं चालू. दादाने कुणाचा तरी टेम्पो मागून आणला आणि त्याच्या साप्ताहिक सुट्टीला आम्ही निघालो. पहिल्या वेळी घोडी टेम्पोतून उतरली आणि सरळ एका धाब्याच्या मागच्या मोरीत घुसली. भांडी घासणाऱ्या बायका किंचाळल्या. मी इतकी चिडले, की तिथेच चिखलात बसून भोकाड पसरलं. दादा आला, मला हात देऊन उठवलं, घोडीला बाहेर काढलं. "चहा घेणार?" एवढंच त्याने विचारलं.

पण पुढच्या प्रत्येक सुट्टीला तो टेम्पो घेऊन दारात हजर असायचा. मी घोडीला घेऊन धाब्याकडेच्या वडाखाली उभी राहायची, दादा टेम्पोच्या केबिनमध्ये, दार उघडं टाकून मोबाइल बघत. ट्रकवाल्यांना फुकटची करमणूक. "मॅडम, घोडी को कौनसी क्लास पढ़ा रहे हो?" एकाने विचारलं. "तुम्हारी बारावी हुई क्या?" मी विचारलं. तो हसत गेला. आणि घोडी उभी होती. ट्रकाने ब्रेक मारला, फुस्स झालं, जमीन गुरगुरली, तिच्या कातडीवरून शहारा गेला, पण पाय जागचे हलले नाहीत. मी तिच्या कानाशी म्हणत होते, "बघ, हा आमचा दादा. जन्मात एकदा तरी माझ्या बाजूने एक शब्द बोलेल का? विचार त्याला. तू विचार." दादा मोबाइल बघत होता.

दिवाळीत मैत्रिणीचा फोन आला. घरमालकाला माझ्या जागी दुसरी मुलगी ठेवायची होती. मी म्हटलं, तुळशीचं लग्न होऊ दे, मी आलेच. कंपनीतूनही विचारणा झाली. त्यांनाही तेच सांगितलं. रात्रीचं जेवण झाल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, तुमचं घोडीशी इतकं छान जमलंय, आता कशाला जाता?" ती चांगल्या मनानेच म्हणाली. पण मला त्या क्षणी घरातली हवाच संपल्यासारखं झालं. मी उठून अंगणात गेले. कुंपणाशी उभी राहिले. कुंपणापलीकडे शेजारच्यांचं कुंपण.

तुळशीचं लग्न लागलं आणि दोनच दिवसांत वरात ठरली, तीही मसोलीतच. आमच्याकडची रीत अशी, की वरातीत लगाम धरणारा पुरुषच असतो, डोक्याला फेटा बांधून घोडीच्या डाव्या अंगाला चालणारा. बाई लगाम धरून चालली असं कुणी बघितलं नव्हतं, आणि नवऱ्याकडच्यांना चाललंही नसतं. बाबांनी कधी हा प्रश्न काढला नाही, मी कधी काढला नाही. मला तर बरंच वाटलं होतं. दादाने रजा घेतली, बाबांचा भगवा फेटा बांधला. मी घोडीला झूल घातली, कपाळावर गोंडे बांधले, आणि माझी बॅग भरून बोळातल्या खाटेखाली ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीची वेळ बघून ठेवली होती.

नवरदेव बसला. मुंडावळ्या, हातात कट्यार, घाम. घोडी छान उभी. मग डीजेचा ट्रक सुरू झाला. पहिला दणका बसला आणि माझ्या तळपायाला कळलं, की आता संपलं. घोडीचे पुढचे पाय ताठ झाले. कान मागे गेले. अंगावरची झूल थरथरायला लागली. नवरदेवाने खोगिराला मिठी मारली. "अरे, सांभाळ!" त्याचे काका ओरडले. दादा लगाम आवळून धरत होता, ओठ घट्ट मिटलेले.

"बोल ना तिच्याशी!" मी बायकांच्या घोळक्यातून ओरडले. "दादा, बोल!"

त्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

आणि तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते ते. एवढ्या महिन्यांत मी तिला जमिनीवर भरवसा ठेवायला शिकवलंच नव्हतं. माझ्या बडबडीवर ठेवायला शिकवलं होतं. ती चालू असेल तर जग जागेवर आहे, असं तिचं गणित झालं होतं, आणि वरातीत नेमकी मीच नव्हते.

मी पैठण्यांमधून वाट काढत गेले. काका म्हणत होते, "बाई, तुम्ही कुठे मध्ये?" मी मानेवर हात ठेवला आणि जे तोंडाला आलं ते बोलायला लागले. दुसरं काही येतच नव्हतं. "मला इथे राहायचं नाही, ऐकतेस का? माझी बॅग भरलेली आहे. मला उद्या जायचंय. बाबांना मी हवी, तुला मी हवी, मला कोण हवं ते कुणी विचारलंय? श्वास घ्यायला जागा नाही त्या बोळात. आणि हा माझा भाऊ, याला देवाने जीभ दिलीय ती कशाला, तिकिटं चिकटवायला?" दादा माझ्या शेजारी, वीतभर अंतरावर, लगाम धरून. त्याला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. वर बसलेल्या नवरदेवालाही जात असणार, कारण तो खाली वाकून म्हणाला, "ताई, तुम्ही बोलत राहा हो. मी काही ऐकत नाही."

घोडीने एक पाय उचलला. मग दुसरा. ट्रक दणाणत होता, जमीन हलत होती, आणि ती चालत होती. मंडपापर्यंत मी माझ्या घरातली सगळी लक्तरं काढली, आणि ती राणीसारखी चालत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तेव्हा बाबांना सगळं आधीच फोनवर कळलं होतं. तोंड नुसतं फुललेलं. पुढच्या वरातींसाठी दोन माणसांना हो म्हणून झालं होतं. "मुलगी स्वतः येईल बरोबर, असं सांगितलं," ते म्हणाले. "आणि आता नाव ठेव तिला. आपल्याकडे पहिली वरात झाल्यावरच ठेवतात. मान शिकवणाऱ्याचा."

"मी नाव ठेवणार नाही," मी म्हटलं. "बाबा, तुम्ही म्हणाला होता, वरातीला उभी राहिली की जा."

"म्हणालो होतो. पण तुझ्याशिवाय उभी राहते कुठे?"

बोलण्यात खोट नव्हती, आणि तीच चीड होती. मी इतकं ओरडले, की मुलं रडायला लागली. मग बोळात गेले, खाटेवर बसले. टाचेला बॅग लागत होती. सकाळची गाडी गेली ती मी तबेल्यात शेण काढताना ऐकली. कंपनीत फोन करून अजून एक आठवडा मागितला. साहेबांनी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "छेल्लो. बस, हा शेवटचा."

दुसऱ्या दिवशी दादा रात्रपाळी करून आला आणि झोपायच्या ऐवजी तबेल्यात गेला. दोरी काढली. "मी नेतो," म्हणाला.

"उधळेल ती."

तो गेलाही. मला राहवेना, मी थोडं अंतर ठेवून मागे गेले. चिकूच्या वाड्यांमधला रस्ता, कडेला कुंपणाची दाट झाडी. रुळांजवळ तो थांबला. मी झाडीच्या अलीकडे. गाडीचा कंप आला. घोडीचे पाय ताठ झाले, तिने मान वळवली. दादा नुसता उभा. मी आता धावणार, एवढ्यात त्याचा आवाज आला. इतका हळू, की आधी मला वाटलं कुणी दुसरंच आहे.

"मला पण जायचं होतं," तो घोडीला सांगत होता. "तिच्या आधी. भुसावळला बदली मिळत होती. बाबांना कोण बघणार म्हणून नको म्हटलं. सांगितलं नाही कुणाला. सांगून काय करायचं? ती गेली तेव्हा वाटलं, चला, एक तरी सुटली." गाडी आली, धडधडत जाऊ लागली. मला पुढचं तुकड्या-तुकड्यांत ऐकू आलं. "...अच्छाडला सगळं ऐकत होतो मी. मोबाइल बंद होता... बरोबर बोलत होती... आता जाईल परत. जाऊ दे. बरं वाटलं होतं, घरात कुणीतरी बोलत होतं..."

शेवटचा डबा गेला. घोडीने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती.

मी आल्या पावली परत फिरले. त्याला दिसले नाही. घरी येऊन बाबांची चादर बदलली, पाणी दिलं. त्यांनी विचारलं, घोडी कुठे आहे. मी म्हटलं, दादाबरोबर. "तो काय बोलणार तिच्याशी?" बाबा म्हणाले. मी त्यांची उशी नीट केली.

तो आठवडाभर दादाच तिला नेत होता, पाळी कुठलीही असो. एकच वेळ वगैरे सगळं मोडलं, पण आवाज रोज मिळाला तर घोडीला वेळेचं काही पडलेलं नव्हतं. शनिवारी तलासरीकडची वरात होती. मी टेम्पोजवळच थांबले, तोंडावर ओढणी दाबून, चुकून एक शब्दही बाहेर पडू नये म्हणून. डीजेचा दणका बसला. फेट्याखाली दादाचे ओठ हलताना दिसले. काय बोलत होता ते त्या गोंगाटात कुणाला कळणं शक्य नव्हतं. घोडी चालायला लागली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी काठी खाटेला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "उभी राहिली ना? मग जा. मी शब्द दिला होता." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी सोमवारच्या गाडीने गेले. कुलपात किल्ली फिरली, मैत्रीण माझ्या उशीवरच झोपली होती, खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. कुणी विचारलं नाही, जेवलीस का. पहिल्या संध्याकाळी मी नुसती खाटेवर बसून राहिले, आणि बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, की भिंतीवर काठी वाजायची वाट बघतेय.

आता दर रविवारी मी फोन करते. वहिनी बोलते, मुलं बोलतात, बाबा खुर्चीत बसायला लागलेत. घोडीला अजून नाव नाही. बाबा म्हणतात, मान शिकवणाऱ्याचा, आणि दादा म्हणतो, शिकवलं तिने, मग तीच ठेवेल. शेवटी फोन दादाकडे येतो. "बरी आहे," तो म्हणतो. परवा मी विचारलं, "घोडीशी बोलतोस ना रोज?"

"बोलतो."

"काय बोलतोस?"

"असंच."

"दादा, मलाही सांग की कधीतरी."

मागे घोडी फुरफुरताना ऐकू आली, म्हणजे तो तबेल्यातच उभा होता.

"तू हिच्यासारखी इथे शेजारून चालत असतीस तर सांगितलं असतं," तो म्हणाला, आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.